शाळवातली पिवळी पाखरं

जानेवारीच्या मध्याला माणदेशातला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरड्याला येतो. दहिवडी, म्हसवड, मायणी, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा तेव्हा सारखाच दिसतो. खाली काळं, भेगाळलेलं रान, वर छातीपर्यंत आलेली धाटं आणि शेंड्यांना भरत आलेली पांढुरकी कणसं. अशा रानाच्या बांधावर सकाळी आठच्या सुमारास उभं राहावं. थोड्या वेळानं शाळवातून एक थवा उठतो. उठताना तो तपकिरी दिसतो. मग शे-दीडशे पाखरं एकदम वळतात, पोटाकडची बाजू उन्हात येते आणि अख्खा थवा हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा होतो. एक-दोन घिरट्या घालून तो बांधावरच्या बाभळीवर बसतो आणि पुन्हा शाळवात उतरतो. माळ्यावरून कुणीतरी ‘हुर्र्याऽऽ’ ओरडतं, पत्र्याचा डबा वाजतो, गोफणीतून खडा सुटतो.

राखणीला बसलेल्या माणसाला ती नुसती पाखरं. पक्षिनिरीक्षक त्यांना काळ्या डोक्याचा भारीट म्हणतात. चिमणीपेक्षा जरासा मोठा, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, पाठ विटकरी, पोट पिवळंधमक आणि विणीच्या दिवसांत नराचं डोकं काळंकुट्ट. तो मूळचा कुठला, हे कळल्यापासून मला शाळवाचं रान पूर्वीसारखं दिसत नाही. हा पक्षी जन्मतो इटलीत, क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, ग्रीसमध्ये, बल्गेरियात, तुर्कस्तानात, इराणात. त्याला शास्त्रीय नाव दिलं स्कोपोली या निसर्गअभ्यासकानं, १७६९ साली आणि तेही युरोपात बसून. पण हिवाळा आला की या जातीतले जवळजवळ सगळे पक्षी भारतीय उपखंडात येतात. त्यातही पश्चिम आणि मध्य भारत हे त्यांचं मुख्य ठाणं. ग्रीसमधून सातारा जिल्हा सरळ रेषेत मोजला तरी ५,००० किलोमीटरच्या पुढे आहे.

ही सगळी वाट पंचवीस-तीस ग्रॅमचं पाखरू आपल्या पंखांवर, मुख्यतः रात्री उडून पार करतं. पण मला अंतरापेक्षाही दिशेचं आश्चर्य अधिक वाटतं. थंडी पडली की पक्षी दक्षिणेला जातात, असं आपण शाळेत शिकलो. ग्रीसच्या दक्षिणेला समुद्र आणि त्याच्या पलीकडे आफ्रिका. भारीटाचा एक भाऊबंद, ऑर्टोलान भारीट, त्याच बाल्कन देशांत घरटी करतो आणि हिवाळ्यात सरळ आफ्रिकेत उतरतो. क्रेट्झश्मारचा भारीट हा दुसरा भाऊबंद ग्रीस-तुर्कस्तानातून सुदानला जातो. काळ्या डोक्याचा भारीट मात्र पूर्वेला तोंड करतो. तुर्कस्तान, इराण, बलुचिस्तान, सिंध असं करत तो गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात पोहोचतो. जवळची आफ्रिका सोडून लांबचा हिंदुस्थान का?

अभ्यासकांचं उत्तर साधारण असं आहे. ही जात मुळात पूर्वेकडची, पश्चिम आशियातली असावी आणि तिची हिवाळ्याची जागा भारतच असावी. शेवटचं हिमयुग ओसरलं, युरोपात मोकळी झुडपी रानं तयार झाली, तसे हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेला सरकत गेले. घरटी करायच्या जागा पुढे गेल्या, पण हिवाळ्यात परतायची वाट अंगात जुनीच राहिली. पिल्लांना रस्ता दाखवायला आईबाप लागत नाहीत. कुठल्या दिशेला आणि साधारण किती दिवस उडायचं, हे त्यांना जन्मतःच मिळालेलं असतं. बल्गेरियातल्या झुडपात जून महिन्यात अंड्यातून निघालेलं पिल्लू सप्टेंबर-ऑक्टोबरात भारतातल्या एखाद्या रानात उतरतं. ते रान त्यानं आयुष्यात पाहिलेलं नसतं आणि तरीही ते त्याचंच असतं.

‘त्याचंच’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. पक्ष्यांच्या पुस्तकांत याला ‘हिवाळी पाहुणा’ म्हणतात. आता त्याचं वर्ष मांडून पाहू. एप्रिलच्या अखेरीला किंवा मे महिन्यात तो बाल्कनमध्ये पोहोचतो. नर आधी येतात, झुडपाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून गातात. मादी जमिनीलगत काटेरी झुडपात वाटीसारखं घरटं करते, चार-पाच अंडी घालते, सुमारे दोन आठवडे उबवते. जुलै संपेपर्यंत पिल्लं उडती होतात आणि ऑगस्टमध्ये पक्षी निघूनही जातात. तिथला मुक्काम जेमतेम तीन महिन्यांचा. आपल्याकडे तो सप्टेंबरपासून येऊ लागतो, तो मार्च संपेपर्यंत असतो. म्हणजे सहा महिन्यांहून अधिक. जो वर्षातला निम्म्याहून जास्त काळ माण-जतच्या रानात जगतो, इथलंच दाणापाणी खातो, त्याला पाहुणा म्हणणं मला जड जातं. तो आपल्याकडचा आहे आणि विणीपुरता युरोपात जातो, असं म्हटलं तर ते अधिक खरं ठरेल.

आता हे रान. सह्याद्रीनं सातारा जिल्ह्यात पाऊस मोठा विषम वाटला आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवरच्या म्हसवडला पाचशेच्या आसपास. माणगंगा आणि येरळा या इथल्या नद्या वर्षातले कितीतरी महिने कोरड्या असतात. म्हसवडकडचा बराचसा पाऊसही जून-जुलैत न पडता परतीच्या वाटेवर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. म्हणून इथला शेतकरी खरिपापेक्षा रब्बीवर अधिक विसंबतो. हस्ताच्या आगेमागे वाफसा बघून शाळू पेरायचा आणि मग पावसाची वाट न पाहता, काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर तो वाढू द्यायचा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण अशाच रानांसाठी. टपोरा, मोत्यासारख्या रंगाचा दाणा आणि जनावरांना गोड लागणारा कडबा. शाळू पेरला जातो तेव्हा भारीट वाटेवर असतो. दाण्यात चीक भरतो तेव्हा त्याचे थवे रानात स्थिरावलेले असतात आणि काढणी, मोडणी होऊन खळी उठतात तेव्हा तो परतीला लागतो. या पक्ष्याचं वेळापत्रक शाळवाच्या वेळापत्रकाशी इतकं चपखल बसतं, की पिकाला धरूनच त्याची घडण झाली असावी असं वाटतं.

तसं मात्र नाही. ज्वारी आफ्रिकेतून भारतात आली ती सुमारे ४,००० वर्षांपूर्वी. भारीटाची वाट त्याहून जुनी. ज्वारी यायच्या आधी तो गवताचं बी खात असणार: पवन्या, मारवेल, कुसळी, दख्खनच्या माळावरची सगळी उंच गवतं. परतीच्या पावसावर ती ऑक्टोबरात निसवतात आणि हिवाळाभर बी गाळत राहतात. शाळू हेही शेवटी गवतच. माणसानं माळ नांगरून जेव्हा हे मोठ्या दाण्याचं गवत पेरलं, तेव्हा भारीटाच्या दृष्टीनं माळ गेला नाही, उलट त्याचं ताट भरलं. बांधावरची बाभूळ आणि बोर त्याला बसायला, रात्री मुक्कामाला. ओढ्याचं डबकं पाण्याला. मधला पडीक तुकडा किडे-बियांना. याला तो राहण्याजोगं रान मानतो. आपल्या सरकारी कागदांत मात्र अशा माळाची नोंद बहुतेक वेळा पडीक जमीन अशीच सापडते.

दुर्बीण लावून एखाद्याच पाखरावर नजर ठेवली, तर त्याचं खाणं बघण्यासारखं असतं. ते कणसाच्या खाली, धाटाला आडवं धरून बसतं. धाट वाकतं, हलतं, पण पाखराचं डोकं जागच्या जागी राहतं. मान वर करून ते एक दाणा उपटतं, चोचीत फिरवतं. भारीटाची चोच शंकूसारखी असते. वरचा भाग बारीक, खालचा रुंद आणि वरच्या चोचीच्या आत टाळूला एक कठीण उंचवटा. दाणा खालच्या धारेवर धरून त्या उंचवट्यावर दाबला की फुटतो, साल चोचीच्या कडेनं बाहेर पडते, गर आत जातो. हे सगळं क्षणार्धात होतं. हुरड्यातला दाणा असेल तर चोचीला पांढरा चीक लागलेला दिसतो आणि पाखरू मधूनच ती धाटावर दोन्ही बाजूंनी पुसून घेतं. थव्यातली पाखरं आपसांत बारीक, कोरडे आवाज काढत राहतात. त्याचं गाणं आपल्याला सहसा ऐकायला मिळत नाही, ते तिकडे गायलं जातं.

नोव्हेंबरात थवा पाहून काळं डोकं शोधणारा हमखास निराश होतो. नर असतात, पण त्यांची डोकी मळकट तपकिरी दिसतात. काळा रंग पिसांत असतोच, फक्त प्रत्येक पिसाच्या टोकाला फिकट किनार असते आणि ती काळ्याला झाकून टाकते. थंडीभर पाखरू झुडपांत घुसतं, धुळीत न्हातं, कणसांना घासतं. किनारी झिजत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला काळं डोकं उघडं पडतं. पिवळ्याची गोष्ट वेगळी. पक्ष्यांना हा पिवळा रंग स्वतःच्या शरीरात शून्यापासून बनवता येत नाही. तो वनस्पतींतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून, म्हणजे खाण्यातूनच घ्यावा लागतो. जो नर खाऊनपिऊन धडधाकट, तो पिवळ्या रंगात उजवा.

आणि मग मार्च. इथं मला खरा चमत्कार दिसतो. माणदेशातल्या पाखराला कसं कळतं, की आता बल्गेरियात बर्फ वितळलं असेल? ऊन वाढलं म्हणून? दाणा संपला म्हणून? भारीट ओळखतो ते दिवसाची लांबी. साताऱ्याला डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांच्या किंचित वर. तीन महिन्यांत जेमतेम एका तासाची वाढ, म्हणजे रोज मिनिटभरही नाही. आपल्याला जाणवतही नाही असा हा फरक भारीटाचं शरीर मोजून ठेवतं.

दिवसाच्या लांबीचा आणि स्थलांतराचा संबंध प्रयोगानं दाखवायला सुरुवात केली ती कॅनडातल्या विल्यम रोवन यांनी, १९२० च्या दशकात. कडाक्याच्या थंडीत पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना विजेच्या दिव्यांनी मोठा दिवस दाखवून त्यांनी भर हिवाळ्यात त्यांच्या शरीरात वसंत आणला होता. भारतात हे काम ज्या पक्ष्यांवर वर्षानुवर्षं झालं, त्यांत हाच आपला भारीट आणि त्याचा जुळा म्हणावा असा लाल डोक्याचा भारीट हे प्रमुख. लखनौ विद्यापीठात विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळी थव्यांतले पक्षी घेऊन त्यांना कृत्रिम दिवस-रात्रीत ठेवलं. आठ तासांचा दिवस दिला, तर पाखरू हिवाळ्यातच राहतं. दिवस तेरा-सोळा तासांचा केला, की काही आठवड्यांत ते अधाशासारखं खाऊ लागतं. कातडीखाली, गळ्याच्या हाडाच्या खळीत आणि पोटावर चरबी साठते, वजन दीडपटीच्या घरात जातं, जननग्रंथी कितीतरी पटींनी वाढतात. आणि मग सुरू होते रात्रीची तगमग. दिवसा शांत असणारं पाखरू दिवे मालवल्यावर झोपत नाही. पिंजऱ्यात दांडीवरून दांडीवर उड्या मारतं, पंख फडफडवतं, रात्रभर. ज्या रात्री त्याचे मोकळे भाऊबंद सिंध ओलांडत असतील, त्या रात्री ते चार भिंतींत जागं असतं.

याहून विलक्षण गोष्ट अशी, की पक्ष्यांना हा ऋतूचा प्रकाश ओळखायला डोळ्यांची गरजच पडत नाही. त्यांच्या मेंदूच्या आत, खोलवर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. पिसं, कातडी आणि पातळ कवटी यांतून झिरपून आत पोहोचणारा उजेड त्यांना पुरतो. शाळवाच्या कणसावर दाणे टिपत बसलेल्या पाखराच्या डोक्यात ऊन अक्षरशः शिरत असतं आणि आत दिवस मोजले जात असतात. मला हे वाचलं तेव्हा पुढचं पान उलटवेना.

पिवळा रंग, दाणे फोडणारी चोच आणि उघडी गवताळ रानं हा जोडा फक्त आपल्याकडे नाही. दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया-व्हेनेझुएलापासून अर्जेंटिनापर्यंत, सिकालिस नावाच्या गटातली छोटी पिवळी पाखरं असतात. त्यांतलं केशरी कपाळाचं सर्वांत परिचित पाखरू ब्राझीलमध्ये गाण्यासाठी पिंजऱ्यात पाळलं जातं. ते कुरणांत, शेतांत, गावांच्या कडेनं जमिनीवर बिया वेचतं. घरटं मात्र उघड्यावर करत नाही. झाडाची ढोली किंवा मातीची घरटी बांधणाऱ्या एका दुसऱ्या पक्ष्यानं सोडून दिलेलं घरटं ते गाठतं. दीर्घकाळ शास्त्रज्ञ या पाखरांना भारीटांच्याच घराण्यात मोजत होते, कारण चोच तशीच, राहणी तशीच. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं, की ती टॅनेजर नावाच्या अमेरिकी घराण्यातली आहेत. दोन घराणी, मधे अख्खा अटलांटिक आणि तरी गवताच्या बियांवर जगताना दोघांनी चोच जवळजवळ सारखीच घडवली. सारख्या रानानं सारखं पाखरू घडवलं, असंच म्हणायचं.

आपल्या शेजारीही भारीटाचे नातलग आहेत. साताऱ्याच्या डोंगरउतारांवर बारा महिने राहणारा, काळ्या अंगाचा, तांबूस पंखांचा, डोक्यावर तुरा मिरवणारा युवराज हा भारीटच. तो कुठे जात नाही. आणि लाल डोक्याचा भारीट हा मध्य आशियातून, कझाकस्तानाच्या बाजूनं येऊन काळ्या डोक्याच्या थव्यांत मिसळतो. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेला दोघांच्या विणीच्या सीमा एकमेकींना भिडतात आणि तिथं त्यांच्यात संकरही होतो. हिवाळ्यात दोघं एकाच शाळवात जेवतात. त्यांच्या माद्या वेगळ्या ओळखणं मुरलेल्या निरीक्षकालाही अवघड जातं.

आता थोडं द्राक्षांविषयी. ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियात भारीटाच्या आवडत्या जागांपैकी एक म्हणजे द्राक्षमळे. वेलीच्या खांबावर बसून तो गातो, वेलीतच घरटंही करतो. तासगाव हे सांगली जिल्ह्यातलं द्राक्षांचं गाव. तिथं रुळलेली तास-ए-गणेश ही जात थॉमसन सीडलेसमधून निवडलेली आणि थॉमसन म्हणजेच तुर्कस्तानातली सुलताना. म्हणजे पक्षी आणि वेल एकाच मुलुखातून इथं आले. पण भारीटाला इथल्या बागेत घरटं करायचं नसतं, त्याला दाणा हवा असतो. बेदाण्याच्या शेडवरून तो उडत पुढे जतच्या रानात जातो.

गेल्या काही दशकांत हे रान बदलतं आहे. टेंभू योजनेनं कऱ्हाडजवळून उचललेलं कृष्णेचं पाणी खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळपर्यंत पोहोचलं, म्हैसाळचं पाणी जतच्या दिशेनं गेलं. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्या तहानलेल्या माणदेशाची माणसं लिहिली, तिथं आता डाळिंबाच्या, द्राक्षांच्या बागा आणि ऊसही आहे. या पाण्यासाठी इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, चारा छावण्या पाहिल्या, ऊसतोडीला गावं सोडली. पाखरासाठी त्यांनी कोरडं राहावं असं म्हणायचा हक्क कुणालाही नाही. पण पाण्याबरोबर शाळू आणि माळ दोन्ही आक्रसतात, हेही तितकंच खरं. उसात भारीटाला खायला काही नसतं. माळावर खड्डे काढून सरसकट झाडं लावली, तर गवताचं बीही जातं. त्यात शाळवाची राखण करायला माणूस मिळत नाही. पूर्वी गावचं सगळं रान एकदम पोटरीत, हुरड्यात यायचं आणि पाखरांचा मार वाटला जायचा. आता चार एकर शाळू असेल तर सगळे थवे त्याच चार एकरांवर येतात आणि पुढच्या वर्षी तो शेतकरीही शाळू सोडतो. यावर माझं म्हणणं साधं आहे. ज्वारीला परवडेल असा भाव आणि माळाला माळ म्हणून मान, या दोन गोष्टी मिळाल्या तर शेतकऱ्याचं आणि पाखराचं हित एकाच बाजूला येतं.

काळ्या डोक्याचा भारीट आज धोक्यात नाही, त्याची संख्या मोठी आहे. पण संख्येवर विसंबू नये. त्याचाच भाऊ, पिवळ्या छातीचा भारीट, फिनलंडपासून जपानपर्यंत घरटी करायचा. थव्यांनी आकाश भरायचं, इतका तो सर्वसामान्य होता. चीनमध्ये खाण्यासाठी त्याला जाळ्यांत धरलं गेलं आणि १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज अभ्यासकांनी २०१५ मध्ये मांडला. २०१७ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. एका माणसाच्या हयातीत हे झालं.

भारीट पाहायचा असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध उत्तम. काळी डोकी उघडी पडू लागलेली असतात, शाळू काढणीला आलेला असतो आणि पाखरं परतीसाठी दिवसभर खात असतात. म्हसवड-आटपाडीच्या बाजूचा किंवा जतच्या पूर्वेचा कुठलाही कोरडवाहू टापू चालेल. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बांधावर उभं राहा, बाभळीच्या शेंड्यांवर नजर ठेवा. थव्यात लाल डोक्याचेही शोधा. पाठ विटकरी ते काळ्या डोक्याचे, पाठ हिरवट-पिवळी ते दुसरे. दिसलेले पक्षी तारीख आणि गावासह ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, मराठी मुलखातल्या शाळवातली अशी प्रत्येक नोंद पुढच्या अभ्यासाला लागते. आणि पिकात पाय टाकण्याआधी मालकाला हाक मारा. या दिवसांत तो रानातच असतो आणि पाखरं कधी आली, कुठल्या बाजूनं आली, हे त्याच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.